चंपाताईंचे नव्वद दिवस

चहाचं आधण यायला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात चंपाताई ओव्हाळ मागच्या अंगणात दोनदा जाऊन यायच्या. पहिल्यांदा लिचीचं झाड बघायला आणि दुसऱ्यांदा, पहिल्यांदा नीट बघितलं होतं की नाही याची खात्री करायला. मग चहा उतू जायचा आणि त्यांचे यजमान भीमराव वर्तमानपत्र खाली न घेताच विचारायचे, "आहे ना झाड? की गेलं कुठं?"

बिबवेवाडीच्या सरकारी वसाहतीत, तळमजल्यावरच्या या क्वार्टरमध्ये त्या दोघांनी बावीस वर्षं काढली. चंपाताई अव्वल कारकून. शेवटची नऊ वर्षं त्या सरकारी निवासस्थानांच्या वाटपाच्या टेबलावर होत्या. कुणाला कोणतं घर मिळालं, कोण निवृत्त झालं, कुणी घर सोडलं, कुणी अजून सोडलं नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ असायचं. त्यांच्या टेबलावर फाईल मुक्कामाला राहत नसे. सही झाली का ते बघायला त्या साहेबांच्या दारात दिवसातून पाच चकरा मारत. शिपाई म्हणायचे, ताईंना खुर्ची सरकारने उगीच दिली.

क्वार्टरमधल्या तोट्या, तावदानं, पंखे, सगळ्याची नोंद सरकारी यादीत होती. लिचीची नव्हती. चौदा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या कुणीतरी उत्तरेकडून येताना लिचीची पेटी आणली होती. चंपाताईंनी वाट्याला आलेल्या फळांच्या बिया रुमालात बांधून घरी आणल्या आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात पुरल्या. चार उगवल्या, एक टिकली. पुण्याच्या हवेत लिची वाढते, पण फळायला तिला चांगली थंडी लागते. तेरा वर्षं नुसती पानं. मग मागच्या वर्षी थंडी कडाक्याची पडली आणि मे महिन्यात झाडावर एक्केचाळीस फळं लागली. लहान, आतली बी मोठी, गर बेताचा, चव आंबटाकडे झुकणारी.

"आई, खरं सांगू? मार्केट यार्डात याच्यापेक्षा बेटर मिळते," मुलगी निकिता म्हणाली. ती खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

"मिळते ना. विकत मिळते," चंपाताई म्हणाल्या आणि बियासुद्धा धुऊन ठेवल्या.

त्याच वर्षी निकिताने खराडीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. चंपाताईंची निवृत्ती यंदा एकतीस मेला होती. लहानपणी शाळेत घालताना गुरुजींनी त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या पोरांसारखीच त्यांचीही जन्मतारीख एक जून टाकली होती. निवृत्तीनंतर क्वार्टर तीन महिने ठेवता येतं, म्हणजे एकतीस ऑगस्टपर्यंत. मग आईबाबांनी खराडीला यायचं, असं ठरलं होतं. सामान जाणार होतं, माणसं जाणार होती. झाड जाणार नव्हतं.

"बी लाव की तिकडे कुंडीत," भीमराव म्हणाले.

"बी लावली तर पुन्हा तेरा वर्षं. मी तेव्हा एकाहत्तरची. आणि बीचं झाड कसं निघेल त्याचा भरवसा नाही. मला हेच पाहिजे." त्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याचंच."

याचंच हवं असेल तर कलम करावं लागतं, हे त्यांनी वाचलं होतं. वाचायलाही त्या उभ्यानेच वाचत.

मागच्या पावसाळ्यात त्यांनी सोपा रस्ता धरला होता. फांदीची साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं, दोन महिन्यांत मुळं फुटतात. याला गुटी म्हणतात. त्यांनी पाच गुट्या बांधल्या आणि दर रविवारी एकेक सोडून मुळं आली का ते बघितलं. पाचही वाळल्या.

"तू बघत होतीस म्हणून ती लाजली असतील," भीमराव म्हणाले.

यंदा मार्चमध्ये त्या दुसऱ्या वाटेने गेल्या. लिचीची कलमकाडी दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधायची, पण त्यासाठी खुंट, म्हणजे मुळांसकट खालचं रोप, हवा. लिचीची रोपं कुठेच मिळेनात. एका पुस्तकात त्यांना सापडलं की लिची आणि रिठा एकाच कुळातले आहेत. रिठा आपल्याकडे कुठेही उगवतो, उन्हाला भीत नाही. चंपाताईंनी लगेच रिठ्याची सहा रोपं आणली आणि प्रत्येकावर लिचीची एक काडी बांधली.

ऑफिसात त्यांनी माधवला सांगितलंही. माधव त्यांच्या हाताखालचा, पुढे त्यांच्याच टेबलावर बसणारा. "संवर्ग एकच आहे," त्या म्हणाल्या. "संवर्ग एक असला की इकडून तिकडे बदली होऊ शकते."

"ताई, रुजू होतील ना पण?"

"का नाही होणार? आदेश आहे."

विसाव्या दिवशी सहाही काड्यांचे डोळे हिरवे झाले. चंपाताईंनी ऑफिसात पेढे वाटले. कुणी विचारलं, निकिताचं जमलं का? त्या म्हणाल्या, नाही, रिठ्याचं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते डोळे काळे पडले आणि हात लावताच काड्या खुंटावरून निखळून हातात आल्या. आत जोड असा नव्हताच. काडीत जी होती ती तिची स्वतःची ओल होती, ती संपली.

त्यानंतर चंपाताई चार दिवस अंगणात गेल्या नाहीत. भीमरावांना चहा वेळेवर मिळाला आणि ते अस्वस्थ झाले. पाचव्या दिवशी त्यांनीच वैजनाथचं नाव काढलं. वैजनाथ एका सरकारी बागेतला माळी. निवृत्त होऊन आता खडकवासल्याच्या बाजूला, आपल्या गावी राहत होता आणि घरामागे रोपं करत होता. पूर्वी त्याच्या क्वार्टरची फाईल चंपाताईंकडे होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, निवृत्तीचा हार अजून फ्रीजवर वाळत असताना, दोघं बसने त्याच्याकडे गेली. चंपाताईंनी रिठ्याची सगळी हकिकत सांगितली. वैजनाथ ऐकत होता आणि तंबाखू मळत होता.

"कूळ एकच आहे हो," त्या शेवटी म्हणाल्या.

"आसंल. कागदावर आसंल," वैजनाथ म्हणाला. "सालीला कुठं वाचता येतंय, ताई? लिचीला लिचीच लागती."

"पण लिचीची रोपं मिळत नाहीत ना."

"माझ्याकडं तीन हायती. दोन वर्सांची. एका बंगलेवाल्या साहेबानं सांगितली म्हणून बिया रुजवल्या, साहेब गेला बदलून. रोपं ऱ्हायली हितंच." त्याने पिशवीतली रोपं दाखवली. बुंधे पेन्सिलीएवढे जाड होते. "काडी कापून बांधू नगा. तुमच्या हाताला धीर न्हाई. भेटकलम करू. दोघंबी आपापल्या मुळावर ऱ्हातील, मधी गाठ पडंल. पडली की मग कापायचं."

"किती दिवस?"

"नव्वद."

चंपाताईंनी बोटांवर मोजलं. "साठात नाही होणार?"

"बाळंतपण हाय का साठात?"

सोळा जूनला वैजनाथ बिबवेवाडीला आला. अंगणात बांबूची माची उभी केली, तीन कुंड्या तिच्यावर लिचीच्या खालच्या फांद्यांना भिडतील अशा ठेवल्या. रोपाच्या बुंध्यावरून बोटभर लांबीची साल थोड्या लाकडासकट काढली, तेवढीच फांदीवरून काढली, दोन्ही ओल्या जागा एकमेकींना चिकटवल्या आणि वर दुधाच्या पिशवीच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. तीनदा तेच. सगळं मिळून तासभरही लागला नाही.

"आता?" चंपाताईंनी विचारलं.

"आता पानी. कुंड्या सुकू द्यायच्या न्हाईत. बाकी काय बी करायचं न्हाई."

"काहीच नाही?"

"सोडून बघायचं न्हाई. दाबून बघायचं न्हाई. हलवून बघायचं न्हाई." मग भीमरावांकडे वळून तो म्हणाला, "साहेब, तुमी ध्यान ठेवा."

"माझं कोण ठेवतं," भीमराव म्हणाले.

सोळा जून अधिक नव्वद म्हणजे चौदा सप्टेंबर. आणि घर एकतीस ऑगस्टला सोडायचं होतं. मधले चौदा दिवस चंपाताईंच्या मागे लागले. त्या भाजी निवडताना उठायच्या, भात लावून बाहेर जायच्या, अंघोळीला जाताना टॉवेल घेऊन अंगणातूनच वळसा घ्यायच्या. कलमांना हात लावायचा नाही म्हणून त्या हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. पट्टीच्या आत काय चाललं असेल ते दिसत नव्हतं. बाहेरून तीन फांद्या होत्या तशाच हिरव्या होत्या, पण त्या आपल्याच झाडावर होत्या, हिरव्या असणारच. रिठ्यावरही वीस दिवस हिरवंच होतं.

जुलैअखेर टपालाने नोटीस आली. निवासस्थान मुदतीत रिकामं करण्याबाबत. चंपाताईंनी ती वाचली आणि माधवला फोन लावला.

"तिसऱ्या परिच्छेदात 'अन्यथा'नंतर स्वल्पविराम राहिलाय."

"ताई, तुमचाच मसुदा आहे. मी फक्त नाव बदललं."

"मुदतवाढ मिळते का रे चौदा दिवसांची?"

"तुम्ही मला विचारताय? आजारपण किंवा मुलांच्या परीक्षा. दोनच कारणं. तुम्हीच घोकून घेतली होती माझ्याकडून."

संध्याकाळी भीमराव म्हणाले, "गुडघे दुखतात की तुझे. डॉक्टर देतील सर्टिफिकेट. खोटं कुठंय?"

"दुखतात. पण घर सोडता येऊ नये इतके नाही दुखत." चंपाताई कुकरची शिट्टी काढून धुवायला लागल्या. ती स्वच्छच होती. "त्या टेबलावर बसून मी असली चौदा सर्टिफिकेटं परत पाठवलीत. एक बाई रडल्या होत्या माझ्यासमोर. त्यांच्या नवऱ्याला खरंच बरं नव्हतं, मागाहून कळलं. तेव्हा नियम दाखवला. आता मी झाडासाठी गुडघे दाखवू?"

तरीही त्यांनी अर्ज लिहिला. एकदा नव्हे, सहा वेळा. 'वरील विषयास अनुसरून' इथपर्यंत पेन सरळ जायचं आणि मग कारणापाशी थांबायचं. सहावा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला आणि त्यानंतर कधी मुदतवाढीचं नाव काढलं नाही.

अठ्ठावीस ऑगस्टला नवीन माणसं घर बघायला आली. साईनाथ नावाचा तरुण अधिकारी आणि त्याची बायको शेफाली. साईनाथ नळ उघडून पाण्याचा जोर बघत होता. शेफाली थेट मागच्या दाराशी गेली.

"काकू, हे काय लटकवलंय? सलाइन लावल्यासारखं?"

चंपाताईंनी सांगितलं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण जिला सांगतोय तिच्या हातात हे सगळं जाणार आहे, आणि त्यांचं बोलणं जलद व्हायला लागलं. चौदा सप्टेंबरपर्यंत कुंड्या इथेच ठेवाल का, हे त्यांनी एका दमात विचारलं.

"ठेवीन की. पण मी आधीच सांगते, माझ्या हातून पुदिनासुद्धा मरतो."

चंपाताईंनी दुसऱ्या दिवशी दोन पानी सूचना लिहून तिला नेऊन दिल्या, क्रमांक घालून. शेफालीने उभ्या उभ्या वाचल्या.

"काकू, करायचं एकच आहे, पाणी. बाकीचं सगळं 'करू नये' आहे." ती हसली. "हे जमेल मला. काही न करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. साईनाथना विचारा."

एकतीस तारखेला सकाळी टेंपो आला. कपाटं गेली, पलंग गेला, पाण्याचं पिंप गेलं. घर मोकळं झालं तसा आवाज घुमायला लागला. भीमराव किल्ल्या मोजून पाकिटात घालत होते तेव्हा त्यांना मागून कात्रीचा आवाज आला. ते बाहेर आले. चंपाताई माचीपाशी उभ्या होत्या. तीनपैकी एका कलमाची फांदी त्यांनी जोडाखाली कापली होती आणि कुंडी छातीशी धरली होती.

"आज शहात्तरावा आहे," भीमराव म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

"रिकाम्या हाताने नाही निघणार मी."

भीमरावांनी त्यांच्या हातातून कात्री तेवढी काढून घेतली आणि ती स्वतःच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली ठेवली. चंपाताईंनी ती मागितली नाही.

टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून कुंडी मांडीवर घेऊन त्या खराडीला गेल्या. अकराव्या मजल्यावरची गॅलरी पश्चिमेला होती. निकिताने तिथे आधीच दोन खुर्च्या आणि हिरवं नेट लावून ठेवलं होतं. "आई, बघ, शेड पण आहे. पर्फेक्ट ना?"

तिसऱ्या दिवशी पानं मलूल झाली. पाचव्या दिवशी ती कडेने आत वळली. आठव्या दिवशी करकरीत वाळली. चंपाताईंनी पट्टी सोडली. आत दोन्ही बाजूंनी फिकट, मऊ असं काहीतरी एकमेकांकडे यायला निघालेलं होतं आणि मध्ये अर्ध्या जागेत ते भेटलंही होतं. अर्ध्यात नव्हतं. त्यांनी ते भीमरावांना दाखवलं.

"रिठ्याच्या वेळी आत काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "हे येत होतं. मीच थांबले नाही."

"चहा टाकू का?" असं विचारून भीमराव उठले आणि गॅससमोर उभे राहिले.

उरलेले सहा दिवस चंपाताईंनी खराडीत काढले. लिफ्टने खाली जायचं, सोसायटीला चक्कर मारायची, वर यायचं. निकिता मीटिंगमध्ये असताना तिच्या मागून तीनदा गेल्यावर ती माइक बंद करून म्हणाली, "आई, प्लीज, सगळ्या टीमला वाटतंय घरात चोर फिरतोय." एकदाच त्यांनी शेफालीला फोन केला.

"पाणी घातलं, काकू."

"पट्टी..."

"मुद्दा क्रमांक सात. हात लावलेला नाही."

"पानं कशी आहेत?"

"हिरवी. फोटो पाठवू?"

चंपाताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "नको," त्या म्हणाल्या. फोटो आला असता तर तो मोठा करून रात्रंदिवस बघितला असता, हे त्यांना ठाऊक होतं.

चौदा सप्टेंबरला वैजनाथ, चंपाताई आणि शेफाली अंगणात उभे होते. भीमराव दारात. वैजनाथने जोड बघितला, नखाने हलकेच टोकरला, मान हलवली. कात्री त्याने चंपाताईंच्या हातात दिली. "कापा."

"तुम्हीच..."

"झाड तुमचं हाय."

त्यांनी पहिली फांदी जोडाखाली कापली, मग दुसरी. रोपांचे शेंडे जोडाच्या वर छाटले. आता दोन्ही कुंड्यांत लिचीची ती फांदी परक्या मुळांवर उभी होती. शेफालीने उगाच टाळी वाजवली आणि मग ओशाळून हात खाली घेतले.

"आता पंधरा-वीस दिस सावली," वैजनाथ म्हणाला. "ह्याच दिसांत कळंल. नव्या मुळावर चालत्यात का बसत्यात."

चंपाताईंनी दोन्ही कुंड्या उचलल्या. अंगणाच्या टोकापर्यंत, जिथे रिक्षा उभी होती, तिथपर्यंत त्या गेल्या आणि थांबल्या. मग मागे फिरून त्यांनी कुंड्या वैजनाथच्या पायाशी ठेवल्या.

"तुमच्याकडे ठेवा," त्या म्हणाल्या. "खडकवासल्याला. मला पत्ता माहीत आहे, पण मी येणार नाही. आले तरी दाखवू नका."

"आन् काय झालं तर?"

"फोन करा."

वैजनाथने भीमरावांकडे बघितलं. भीमरावांनी खांदे उडवले. त्यांच्या संसारात असा प्रसंग आला नव्हता, तेव्हा काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

वीस दिवस गेले, एकवीस गेले. चंपाताईंनी खराडीच्या फ्लॅटमधली प्रत्येक गोष्ट आवरून पुन्हा आवरली. निकिताच्या मसाल्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लागल्या. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन पार्किंगच्या यादीतल्या सहा चुका त्यांनी दाखवून दिल्या. त्या एकदाही खडकवासल्याला गेल्या नाहीत. दोनदा बसस्टॉपपर्यंत गेल्या आणि कोथिंबीर घेऊन परत आल्या.

बाविसाव्या दिवशी दुपारी जेवताना फोन वाजला. वैजनाथचा आवाज वाऱ्यात तुटत होता. चंपाताईंनी ऐकलं, फोन ठेवला आणि खरकट्या हातानेच चपला शोधायला लागल्या.

"काय म्हणाला?" भीमरावांनी विचारलं.

"एक गेलं."

"आणि दुसरं?"

"ते ऐकायला थांबले नाही."

"अगं, मग फोन लावून विचार!"

"फोनवर पान दिसतं का? चला."

दोन बस बदलून पोचायला दोन तास लागले. वैजनाथने त्यांना घरामागे, शेणाच्या खताच्या ढिगापलीकडे, आंब्याच्या सावलीत नेलं. एका कुंडीत काडी वाळून उभी होती. दुसरीत वरच्या डोळ्यातून तांबूस, मऊ, बोटाच्या पेराएवढी पालवी फुटली होती. चार पानं होती, सगळी खाली लोंबत होती.

"लोंबतायत," चंपाताई घाबरून म्हणाल्या.

"लिचीची नवी पानं आशीच लोंबत्यात, ताई. आठ दिसांनी ताठ हुतील. जिवंत हाय."

चंपाताई उकिडव्या बसल्या. बराच वेळ त्या त्या चार पानांकडे बघत राहिल्या, इतका की वैजनाथच्या बायकोने आणलेला चहा निवला आणि भीमरावांनी आपला संपवून त्यांचाही घेतला.

"पट्टी कधी सोडायची?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पुढच्या पावसाळ्यात."

"जूनमध्ये की जुलैमध्ये?"

"ताई, आधी घरी तर न्या," वैजनाथ म्हणाला आणि कुंडी उचलायला वाकला. पण चंपाताईंनी ती आधीच उचलली होती.